बरे होणार नाही, म्हणून टाकायचे का?



या रविवारी आम्ही खेळण्यातल्या मोटारींवर लिहीत आहोत. पत्रकात हा विषय कसा, असे काहींना वाटेल. प्रश्न खेळण्यांवरून निघाला हे खरे, पण तो लहान मुलांचा नाही. एखादी वस्तू चांगली होती, जिवापाड जपली होती, आणि तरीही ती आतूनच फुटू लागली. बाहेरून कोणी धक्का लावला नाही. उपायही नाही. अशा वस्तूशी कसे वागावे? ती दुसऱ्याच्या हाती देताना काय सांगावे? या प्रश्नांची उत्तरे शोधू लागलो की मोटारी मागे पडतात आणि आपला धंदा, आपले घर, आपली माणसे समोर येतात. म्हणून हा विषय घेतला.

आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात हा प्रश्न उभा राहिला. त्यांच्या परवानगीने, पण नाव न घेता, तो मांडत आहोत. वडील तरुणपणी मुंबईत नोकरीला होते. सुट्टीच्या दिवशी ते चोर बाजारात फिरत आणि तळहातावर मावतील अशा धातूच्या जुन्या मोटारी विकत घेत. निवृत्त होऊन ते जयसिंगपूरला आले तेव्हा त्यांच्याबरोबर दोन ट्रंका भरून मोटारी आल्या. त्यांच्या वर्षाच्या मिस्सेनंतर मुलांनी त्या ट्रंका उघडल्या. बऱ्याच मोटारी जशाच्या तशा होत्या. पण काहींच्या रंगाला फोड आले होते, काहींचे बूड फुगले होते, टप वाकले होते. एकीला हात लावताच तिचा पुढचा भाग बिस्किटासारखा तुटून बोटांत आला.

थोरला म्हणाला, भेगांत लांबी भरू, वरून रंग देऊ आणि विकून टाकू. जुन्या मोटारींना शौकीन लोक चांगले पैसे देतात. धाकटा म्हणाला, कशाला ती उसाभर, सगळे भंगारात घाला. बहीण म्हणाली, बाबांच्या वस्तू आहेत, राहू द्या. तिघांचा वाद वाढला आणि ते आमच्याकडे आले. तिघांच्याही म्हणण्यात काही तथ्य आहे का, हे पाहू. पण त्याआधी या मोटारींना झाले काय, ते समजून घ्यायला हवे.

मोटारींचा रोग

ओतकाम म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या लोकांना समजावून सांगायला नको. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, शिरोलीत, गोकुळ शिरगावला किती तरी घरांची चूल फौंड्रीवर पेटते. फरक इतकाच की आपल्याकडे मुख्यतः लोखंडाचे ओतकाम होते आणि तेही वाळूच्या साच्यात. या खेळण्यांसाठी पोलादाचा साचा, म्हणजे डाय, वापरतात आणि त्यात जस्ताच्या मिश्रधातूचा रस दाबाने भरतात. एकदा साचा केला की त्यातून हजारो नग निघतात. जस्त म्हणजे तेच, ज्याचा मुलामा आपल्या बादलीवर आणि छपराच्या पत्र्यावर असतो.

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहरात फ्रँक हॉर्नबी यांच्या मेकॅनो कंपनीने १९३४ पासून ‘डिंकी टॉइज’ या नावाने अशा मोटारी विकायला सुरुवात केली. लंडनच्या लेझ्नी कंपनीने १९५३ मध्ये ‘मॅचबॉक्स’ मोटारी बाजारात आणल्या. त्या कंपनीतले जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे नेता येई, म्हणून त्यांनी तिला इवलासा रोडरोलर करून दिला आणि त्यावरून हे नाव पडले, असे सांगतात. आपल्या देशात कलकत्त्याच्या एस. कुमार कंपनीने डिंकीचे वापरलेले साचे आणून ‘निकी टॉइज’ काढली. पुढे १९८० च्या दशकात ‘लिओ’ या नावाखाली हॉट व्हील्सच्या मोटारी भारतात निघू लागल्या. आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्या आपल्यापैकी काहींना त्या आठवत असतील. लिव्हरपूलचा तो कारखाना १९७९ मध्ये बंद पडला आणि लेझ्नी कंपनी १९८२ मध्ये दिवाळखोरीत निघाली. मोटारी मात्र जगभरच्या कपाटांतून उरल्या.

त्यांतल्या १९३० च्या दशकातल्या मोटारींना हा रोग फार दिसतो. जर्मन भाषेत त्याला जे नाव आहे त्याचा अर्थ ‘जस्ताचा प्लेग’ असा होतो. त्याचे कारण १९२० च्या दशकातच शोधले गेले. जस्ताच्या मिश्रधातूत शिसे, कथिल किंवा कॅडमियम अगदी किंचित जरी जास्त मिसळले, तरी तो धातू पुढे आतून कुजतो. धातू हा सूक्ष्म कणांचा बनलेला असतो आणि ही भेसळ कणांच्या सांध्यांत जाऊन बसते. दमट हवा आणि उष्णता मिळाली की सांधे गंजू लागतात. गंजलेला भाग जास्त जागा मागतो, म्हणून वस्तू फुगते, वाकते आणि शेवटी चिरते. एखाद्या भिंतीच्या विटा उत्तम असाव्यात आणि सांध्यातला माल खराब निघावा, तसा हा प्रकार आहे. बाहेरून रंग झकास दिसतो, आत सांधे सुटत असतात. आणि एकदा सुटू लागले की ते परत जुळवता येत नाहीत.

१९२९ मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सी झिंक कंपनीने यावर मार्ग काढला. अतिशुद्ध जस्त घ्यायचे, त्यात सुमारे चार टक्के ॲल्युमिनियम आणि अगदी थोडे मॅग्नेशियम घालायचे, आणि भेसळ कडक मर्यादेत ठेवायची. या मिश्रधातूंना ‘झमाक’ म्हणतात. आजच्या मानकांप्रमाणे त्यात शिसे ०.००५ टक्क्यांहून जास्त चालत नाही. म्हणजे शंभर किलो रसात पाच ग्रॅम! एवढ्याशा शिशाने शंभर किलो माल धोक्यात येतो. युद्धानंतरच्या मॅचबॉक्स मोटारी बहुतांशी अजून धडधाकट आहेत, त्या या शुद्धतेमुळे.

दोष कोणाचा?

आपल्या महाराष्ट्रात धातूची चाके असलेली ओतीव वाहने पूर्वीही झाली आहेत. तेव्हाच्या अहमदनगर, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात श्रीरामपूर तालुक्यातल्या दायमाबाद येथे १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला खोदताना चार ओतीव शिल्पे सापडली: दोन बैल जोडलेला आणि सारथी उभा असलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोंहून अधिक. नुसता रथच सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. बहुतेक अभ्यासक ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. ती खेळणी नसावीत, कुठल्या तरी सोहळ्यात ओढली जात असावीत. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४० च्या दशकात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची छोटी ब्राँझची मूर्तीही दीड-दोन हजार वर्षे मातीत राहिली आणि तरी ओळखू येते. टाऊन हॉल संग्रहालयात ती आपण पाहू शकतो.

एक ओतीव वस्तू हजारो वर्षे मातीत टिकते. दुसरी मऊ फडक्यात गुंडाळून ठेवली तरी एका माणसाच्या आयुष्याला पुरत नाही. फरक सांभाळणाऱ्याच्या मायेत नाही. फरक ओतताना भट्टीत काय पडले, यात आहे.

लिव्हरपूलच्या त्या कारखान्यात शिशाचेही काम चाले. शिशाचे तुकडे जस्ताच्या भट्टीत मिसळले गेले, असे कारण साधारणपणे सांगितले जाते. कोणी मुद्दाम वाईट केले असे नव्हे. थोडे भंगार पडले, पडू द्या. नग तर छान निघतोय! आणि खरेच, त्या दिवशी नग छान निघाला. दुकानात गेला, मुलाच्या हातात गेला, मूल हरखले. फळ दिसले ते खूप वर्षांनी, दुसऱ्याच देशात, जयसिंगपूरच्या एका ट्रंकेत, आणि तेही ज्याने मोटार विकत घेतली त्याच्या मुलांच्या हाती.

नीतीचा विचार करताना आपण बहुधा समोरासमोरचे व्यवहार धरतो. मी शेजाऱ्याला फसवले, शेजारी माझ्याशी भांडला, असे. पण काही कामे अशी असतात की त्यांचे फळ भोगणारा माणूस त्या वेळी जन्मालाही आलेला नसतो. तो आपल्याकडे तक्रार घेऊन येऊ शकत नाही. बांधकामात सिमेंट कमी घालणारा, शाळेत पोरांना न शिकवता पुढच्या वर्गात ढकलणारा, उसाच्या रानाला पाणी आणि खत वारेमाप देऊन जमीन क्षारपड करणारा, या सर्वांचा नग त्या दिवशी छानच निघतो. आपल्या शिरोळ तालुक्याला क्षारपड जमिनीचे दुखणे काय असते ते ठाऊक आहे. वडिलांनी केलेल्या घाईची किंमत नातवाने मोजायची, हा तिथला नियम.

म्हणून फौंड्रीत काम करणाऱ्या आपल्या बांधवांना आम्ही एवढेच सांगू: भंगार निवडणारा माणूस साधा नाही. मालकाचे कर्तव्य मोठे आहे, कारण त्याचा हुकूम चालतो. पण जो हाताने रसात तुकडा टाकतो त्यालाही नाही म्हणण्याची किंवा निदान सांगण्याची जागा असते. पाच ग्रॅमची किंमत त्यालाच सर्वांत आधी कळते.

सांगायचे की नाही?

आता थोरल्या भावाचा विचार. तो काही लबाड मनुष्य नाही. त्याचे म्हणणे असे की घेणारा शौकीन असतो, त्याला धातूतले कळते, त्याने पारखून घ्यावे. बाजार असाच चालतो.

भारतीय करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या १७ व्या कलमात कपट म्हणजे काय ते सांगताना काही उदाहरणे दिली आहेत. अ हा ब ला लिलावात एक घोडा विकतो. घोड्यात खोट आहे हे अ ला ठाऊक आहे, पण तो काही बोलत नाही. कायदा म्हणतो, हे कपट नाही. नुसते गप्प राहणे हा गुन्हा नव्हे. थोरल्या भावाला हे वाचून बरे वाटेल. पण लगेच पुढचे उदाहरण आहे: ब ही अ ची मुलगी आहे आणि नुकतीच सज्ञान झाली आहे. आता मात्र घोड्याची खोट तिला सांगणे हे अ चे कर्तव्य ठरते, कारण दोघांचे नातेच तसे आहे. शिवाय त्याच कलमात असेही आहे की माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकून ठेवणे हे कपटच. म्हणजे गप्प राहणे वेगळे आणि लांबी भरून रंग मारणे वेगळे. रंगाचा डबा उघडला की कायद्याचीही सवलत संपली.

पण कायदा जिथे थांबतो तिथे आपला विचार थांबत नाही. इसवी सनापूर्वी ४४ मध्ये रोमच्या सिसेरो याने आपल्या मुलासाठी कर्तव्यांवर एक ग्रंथ लिहिला. त्यात तो एका घराची गोष्ट सांगतो. घर रोगट आहे, लाकूड कुजके आहे, खोल्यांतून साप निघतात. हे मालकाशिवाय कोणालाच ठाऊक नाही. मालकाने न सांगता ते विकावे का? डायोजेनिस नावाचा गुरू म्हणतो, त्याने घ्या असा आग्रह धरलेला नाही, घेणाऱ्याला डोळे आहेत. त्याचाच शिष्य अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्यासारखेच हे आहे. सिसेरो शिष्याच्या बाजूने कौल देतो.

संत थॉमस अक्वायनस (१२२५ ते १२७४) यांनी हा प्रश्न आणखी नेमका केला. खोट उघड असेल, उदाहरणार्थ घोडा एका डोळ्याने आंधळा असेल, आणि विकणाऱ्याने किंमतही त्याप्रमाणे कमी केली असेल, तर त्याने ती ओरडून सांगण्याची गरज नाही. पण खोट लपलेली असेल आणि तिच्यामुळे घेणाऱ्याचे नुकसान किंवा त्याला धोका होणार असेल, तर ती सांगायलाच हवी. न सांगता विकले तर भरपाई देणे भाग आहे. विकणाऱ्याला स्वतःलाच खोट ठाऊक नसेल तर त्याचे पाप नाही. पण नंतर कळले, की भरपाईचे कर्तव्य तेव्हापासून सुरू होते. बाजारात म्हैस विकणाऱ्यापासून जुनी मोटारसायकल विकणाऱ्यापर्यंत सर्वांना लागू पडेल असा हा साधा नियम आहे.

जस्ताचा रोग ही लपलेली खोट आहे. आज केसाएवढी चीर दिसते, पाच वर्षांनी तुकडे होतील. आणि हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही. म्हणून आम्ही थोरल्याला म्हणालो, विकायचे तर विका, त्यात वाईट काही नाही. मात्र प्रत्येक मोटारीबरोबर एक चिठ्ठी ठेवा: कुठे चीर आहे, कुठे फुगली आहे, काय दुरुस्त केले आहे. दुरुस्तीही लपवू नका. नवे टायर घातले असतील तर नवे आहेत असे लिहा. तो म्हणाला, मग कोण घेईल? आम्ही म्हणालो, कायद्याने मुलीला खोट सांगायला लावली ना? घेणाऱ्याला मुलगी समजून पाहा.

चिठ्ठ्या लिहिल्यावर काय झाले? किंमत बरीच कमी आली आणि घेणाऱ्याने धडधाकट मोटारीच तेवढ्या नेल्या. खरे बोलल्याने नेहमी फायदा होतो असे आम्ही कधीही शिकवणार नाही, कारण ते खरे नाही. खऱ्याची किंमत पडते. ती मोजावी लागते म्हणूनच त्याला मोल आहे.

मग ठेवायचे कशाला?

उरल्या त्या आजारी मोटारी, म्हणजे ज्या कोणाला नको होत्या त्या. धाकटा पुन्हा म्हणाला, आता तरी टाकू या. ज्या वस्तूचा नाश ठरलेलाच आहे, तिच्यावर वेळ कशाला घालवायचा?

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना ॲरिस्टॉटलचा एक विचार आमच्या मनात बसला: जे अनेक घटकांचे बनलेले आहे, ते कधी ना कधी सुटे होऊ शकते. घर, झाड, घड्याळ, आपले शरीर, सगळे यात आले. कोणाचे सांधे लवकर सुटतात, कोणाचे उशिरा. तेव्हा ‘नाश होणारच आहे, मग जपायचे कशाला’ हा धाकट्याचा मुद्दा खरा मानला, तर तो फक्त मोटारींपुरता थांबणार नाही. मग घराला रंग कशाला, आजीला औषध कशाला? एखाद्या विचाराने नको ते सगळेच सिद्ध होऊ लागले की त्या विचारात कुठे तरी गफलत आहे असे समजावे.

गफलत अशी आहे. ‘बरे करता येत नाही’ आणि ‘काहीच करता येत नाही’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत. आपण ती एक समजतो. जस्ताचा रोग बरा होत नाही. पण त्याची चाल मंद करता येते, आणि तेही अगदी साध्या उपायांनी. हवा कोरडी ठेवावी. ट्रंक पत्र्याखालच्या माळ्यावर किंवा चुलीच्या भिंतीला लागून ठेवू नये, कारण ऊन-गारव्याचा चढउतार सांध्यांना सोसत नाही. नव्या बुटांच्या खोक्यात ओल शोषणाऱ्या दाण्यांच्या पुड्या येतात, तशा पुड्या ठेवाव्यात आणि वेळोवेळी बदलाव्यात. प्लायवूड आणि काही लाकडे आम्लाची वाफ सोडतात, म्हणून काचेचे किंवा लोखंडी कपाट बरे. तांब्या-पितळेसारखी चिंच लावून तर मुळीच घासू नये. आम्ल जस्ताला खाते. मोटार उचलताना टप धरू नये, खालून तळहात द्यावा. सुटलेले तुकडे वेगळ्या पिशवीत ठेवावेत आणि तारीख घालून फोटो काढून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी चीर किती वाढली ते कळते. आणि २००५, २०१९, २०२१ चे महापूर पाहिलेल्या आपल्या तालुक्यात असल्या वस्तू खालच्या फळीवर ठेवू नयेत, हे वेगळे सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. वरवरची पांढरी भुकटी दिसली की लोक घाबरतात. ती बहुधा पृष्ठभागावरचा गंज असतो, आतला रोग नव्हे. आणि आतला रोगही एका मोटारीचा दुसरीला लागत नाही. नाव ‘प्लेग’ असले तरी तो संसर्ग नाही. प्रत्येकीची भेसळ तिच्यापुरती. पण नुसत्या नावाच्या भीतीने कित्येक चांगल्या मोटारी टाकल्या जातात. नाव चुकीचे पडले की वागणूकही चुकते. माणसांच्या बाबतीत आपण हे किती वेळा केले आहे! कुष्ठरोग्याला गावाबाहेर घालवताना आपण रोगाला घाबरलो की त्याच्या नावाला?

पुण्यातले राजा दिनकर केळकर संग्रहालय आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. दिनकर केळकर (१८९६ ते १९९०) यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच वारला. त्यांनी आयुष्यभर अडकित्ते, दिवे, खेळणी, भांडी अशा घरगुती वस्तू गोळा केल्या आणि मुलाचे नाव संग्रहाला देऊन १९७५ मध्ये तो महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. त्या वस्तूंनी मुलगा परत आला नाही. तसे व्हावे म्हणून त्या गोळा केलेल्याही नव्हत्या. जे बरे होण्यासारखे नव्हते, त्या दुःखाला त्यांनी काही तरी करण्याचे रूप दिले, आणि त्याचा लाभ सर्वांना झाला.

माणसांविषयी

इथे खेळणी बाजूला ठेवू. माणूस म्हणजे वस्तू नव्हे, ही मर्यादा आम्ही विसरलेलो नाही. खेळणे टाकले तर पाप नाही. त्या भावंडांनी उद्या उरलेल्या मोटारी भंगारात दिल्या तरी आम्ही त्यांना बोल लावणार नाही. उलट वस्तूंना धरून बसण्याचाही एक रोग असतो. कपाट भरते आणि पाहुण्याला बसायला जागा उरत नाही, तेव्हा कपाट रिकामे करावे. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभू येशूने पृथ्वीवरच्या धनाला लागणाऱ्या कसरीची आणि जंगाची आठवण दिली ती याचसाठी. सोडून द्यायलाही शिकले पाहिजे.

माणसाच्या बाबतीत मात्र ही सूट नाही. आणि तरीही ‘बरे होणार नाही’ हे डॉक्टरांचे शब्द कानावर पडले की घरात काही तरी बदलते, हे आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. स्मरणशक्ती गेलेली आई मुलाला ओळखत नाही. मुलगा हळूहळू तिच्या खोलीत जाणे कमी करतो. तिला काय कळते आहे, असे म्हणतो. पक्षाघात झालेल्या वडिलांना वेळेवर जेवण मिळते, पण त्यांच्याशी कोणी दोन शब्द बोलत नाही. जन्मतः व्यंग असलेल्या लेकराला पाहुणे आले की आतल्या खोलीत ठेवतात. एक जण रंग मारून झाकतो, दुसरा मनातून टाकून देतो. थोरल्याचा आणि धाकट्याचा उपाय आपण माणसांनाही लावतो, फक्त तसे म्हणत नाही.

दोन्ही उपायांच्या मुळाशी एकच समजूत आहे: बरे करणे हेच काय ते कर्तव्य, आणि ते जमत नसेल तर आपण सुटलो. आमचे म्हणणे असे की कर्तव्य संपत नाही, फक्त त्याचे रूप बदलते. बरे करता येत नाही तिथे सांभाळावे, आणि झाकावेसे वाटते तिथे सांगावे. यातले एक दुसऱ्याशिवाय पुरे पडत नाही. सांभाळतो पण सांगत नाही, त्याच्या मायेत खोटेपणा शिरतो. सांगतो पण सांभाळत नाही, त्याचे सत्य निर्दय होते. खालून तळहात देऊन उचलावे आणि चीर कुठे आहे ते लपवू नये, इतके साधे आहे ते. साधे आहे, सोपे नाही. कारण बरे होणाऱ्याची सेवा करताना उद्याची आशा हाताशी असते. बरे न होणाऱ्याची सेवा आजच्या आजपुरती करावी लागते आणि उद्या पुन्हा पहिल्यापासून.

तेव्हा या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने रात्रीच्या प्रार्थनेनंतर दहा मिनिटे एकत्र बसून तीन गोष्टी बोलाव्यात. आपल्या कामात, शेतात किंवा धंद्यात आज नग छान निघतो म्हणून आपण कुठले पाच ग्रॅम रसात जाऊ देत आहोत? आपण कोणाला काही विकले, दिले किंवा लग्नाच्या बोलणीत सांगितले, त्यात रंगाखाली झाकलेली चीर होती का, आणि ती अजून सांगता येईल का? आणि आपल्या घरात किंवा शेजारी असे कोण आहे, की जे बरे होणार नाही म्हणून आपण त्याच्याकडे जाणे कमी केले आहे?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर एखाद्या माणसाच्या नावाने आले, तर पुढच्या रविवारची वाट न पाहता त्याच्याकडे जाऊन यावे.

आपले,
धर्मगुरू